रोज घाम गाळूनही व्हिटॅमिन डी कमी का येतं?

भटकंती_चालू

नमस्कार मंडळी.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड सगळं जागच्या जागी. एकाच ओळीपुढे ठळक अक्षरांत 'लो': २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, १३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

मी चाळिशीच्या अलीकडचा, वजन आटोक्यात, आठवड्यातले बहुतेक दिवस पहाटे धावतो, सुट्टीला लांब सायकल. व्यसन नाही, कुठलं औषध चालू नाही. शेजारच्या टेबलावरचा मित्र लिफ्टशिवाय एक मजला चढत नाही, त्याचं २८! तेव्हापासून तो मला 'सूर्यपुत्र' म्हणतोय.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, सुरूही केल्यात. कुठली गोळी, किती, यासाठी हा धागा नाही. तो त्यांचा प्रांत. मला छळतंय ते 'का'. चांगला हिंडता-फिरता, धडधाकट माणूस, मग गडबड नेमकी कुठे असू शकते? कातडीत, आतड्यात, यकृतात, की लॅबमध्येच? अनुभव आणि माहिती, दोन्हींचं स्वागत.

निळावंती

आधी दोनचार प्रश्न. पहाटे म्हणजे कधी? अंगावर काय असतं? सायकल किती वाजेपर्यंत आटपते? सनस्क्रीन? आणि उरलेला दिवस कुठे जातो?

भटकंती_चालू

अंधारात निघतो, उजाडता उजाडता घरी. सायकलही ऊन चढायच्या आत संपवतो. पूर्ण बाह्यांची जर्सी, लांब टाइट्स, हातमोजे, हेल्मेट, गॉगल. उघडे राहतात ते नाक नि गाल, त्यावर सनस्क्रीन. उरलेला दिवस ऑफिसात. पण माझी जागा खिडकीशी आहे, दुपारी टेबलावर चांगलं ऊन येतं.

निळावंती

मग बरंचसं उत्तर तुम्हीच लिहिलंत की! तुम्ही बाहेर असता, उन्हात नसता.

आपल्या त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. त्यावर उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण पडले, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, की त्याचं प्रीव्हिटॅमिन डी३ होतं, आणि मग शरीराच्या उष्णतेनेच सावकाश डी३. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यावर सगळा खेळ आहे. बाकीचा उजेड, ऊब, लख्ख ऊन या कामाला काही उपयोगाचं नाही. हे किरण ओझोन मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. सूर्य क्षितिजाजवळ असला की किरण तिरपे येतात, त्यांना हवेतून लांबचा पल्ला काटावा लागतो आणि खाली पोहोचेपर्यंत यूव्हीबी जवळजवळ उरत नाही. उगवत्या उन्हाने डोळे दिपतील, अंग तापेल, पण डी बनणार नाही.

ढोबळ खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा लांब पडली असेल तर त्या वेळी डी तयार होण्याची आशा फारशी धरू नये. मोबाइलवर हवामान बघता तिथे यूव्ही इंडेक्सही दिसतो. तो ३ च्या खाली असेल तरी तेच.

यावरचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९८८ साली वेब, क्लाइन आणि होलिक यांनी दाखवलं की बॉस्टनमध्ये, म्हणजे ४२ अंश उत्तर अक्षांशावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वच्छ उन्हात ठेवलेल्या त्वचेतसुद्धा डी तयार होत नाही. कॅनडातल्या एडमंटनमध्ये, आणखी उत्तरेला, हा बंद काळ आणखी लांबतो. तिथल्या हिवाळ्यातली दुपार आणि तुमची रोजची पहाट यांत सूर्याच्या उंचीचा विचार केला तर फरक फारसा नाही.

आणि ती खिडकी विसरा. साध्या काचेतून यूव्हीए, म्हणजे अतिनीलचा दुसरा प्रकार, येतो, यूव्हीबी जवळपास पूर्ण अडतो. दुपारच्या उन्हाने तुमचा हात रापेल, रिपोर्टमध्ये काही जमा होणार नाही.

सायकलवेडा

निळावंतीताई, खिडकीचं वाचून दचकलोच. मीही त्याच भरवशावर होतो.

पण मग सनस्क्रीनचं काय? आमच्या ग्रुपमधल्या एकाने 'डी मिळत नाही' म्हणून सनस्क्रीन सोडलंय आणि आता बाकीच्यांनाही तेच सांगतोय.

अस्थिपंजर

(हाडांचा डॉक्टर आहे. इथे कुणाला तपासलेलं नाही, त्यामुळे सल्ला नाही, फक्त माहिती.)

त्या मित्राला म्हणावं, परत लाव. कागदावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन यूव्हीबीचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग अडवतं, हे खरं. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या जाड, एकसारख्या थराचा. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्म्यानेही लावत नाहीत, कान-मान सुटते, घामाने वाहून जातं. ऑस्ट्रेलियात एका गटाला सनस्क्रीन आणि दुसऱ्याला नुसतंच क्रीम देऊन चाचणी झाली होती, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. उन्हाळ्याअखेर दोन्ही गटांत डी सारखंच वाढलेलं निघालं. फार नेमाने, जाड थर देणाऱ्याच्या पातळीवर थोडा परिणाम होणं शक्य आहे. तरी या धाग्यातल्या १३ चं खापर मी सनस्क्रीनवर फोडणार नाही. सूर्यच वर आलेला नसताना लावलेल्या क्रीमचा काय दोष?

कपड्यांचं मात्र गंभीरपणे घ्या. हल्ली खेळाचे कपडे मुद्दाम यूव्ही अडवणारे बनवतात, आणि कापडाचा थर घामाने वाहून जात नाही. किती वेळ उन्हात होतो हे सगळे मोजतात, किती कातडी उन्हात होती हे कुणी मोजत नाही. दोन्हींचा गुणाकार महत्त्वाचा. नाक आणि गाल मिळून शरीराचा किती हिस्सा होतो?

त्वचेचा रंगही हवा हिशेबात. मेलॅनिन हे शरीराचं स्वतःचं सनस्क्रीन. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका छोट्या पण गाजलेल्या अभ्यासात एकाच मात्रेचे किरण दिल्यावर गोऱ्या त्वचेच्या लोकांत डीची पातळी झपकन चढली, गडद त्वचेच्या लोकांत मात्र तेवढ्याने काही हलली नाही. बरीच जास्त मात्रा दिल्यावर चढली. म्हणजे सावळ्या माणसाची त्वचा डी बनवते, तिला वेळ जास्त लागतो. गोऱ्या लोकांसाठी छापलेलं 'पंधरा मिनिटं पुरे' तिला लागू नाही.

वयाचंही तसंच. म्हातारपणी त्वचेतला कच्चा मालच कमी होतो, बनवण्याची क्षमता तरुणपणाच्या निम्म्याखाली येते. धागाकर्त्याला अजून वेळ आहे.

शंकासुर

माझ्याकडे ऐकीव गोष्टींचा साठा आहे, एकदाच विचारून घेतो. (१) उन्हातून आल्यावर लगेच साबणाने आंघोळ केली तर डी धुऊन जातं. (२) घामावाटे डी बाहेर जातं, म्हणून खेळाडूंचं कमी. (३) फार वेळ उन्हात राहिलं तर डीचं विष होतं. खरं किती?

निळावंती

तिन्ही नाहीत.

डी तयार होतं ते बाह्यत्वचेच्या जिवंत पेशींत, वरच्या मृत थरावर नव्हे. तिथवर साबण पोहोचत नाही. खुशाल आंघोळ करा, शेजाऱ्यांवर उपकार होतील (हलके घ्या).

डी मेदात विरघळणारं आहे, घामातून मिठासारखं वाहून जात नाही.

तिसरं मला फार आवडतं. ऊन लांबलं की तेच किरण जास्तीच्या प्रीव्हिटॅमिनचं ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल अशा निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करून टाकतात. कारखाना स्वतःच बंद होतो. त्यामुळे उन्हाने डीची विषबाधा होत नाही. ती होते गोळ्या-इंजेक्शनांच्या अतिरेकाने. आणि याचाच दुसरा अर्थ असा की सुट्टीच्या एका दिवशी भाजून घेऊन आठवड्याचा कोटा भरता येत नाही. त्वचा भाजते, डी एका मर्यादेपुढे वाढत नाही.

खडूस_आजोबा

सगळे 'कमी का' यावर तुटून पडलेत. 'कमी' कुणी ठरवलं, हे विचारणारा मीच का म्हातारा?

२०११ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं की २० नॅनोग्रॅम असेल तर जवळजवळ सगळ्यांच्या हाडांना पुरतं. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांची संघटना, म्हणाली, नाही, ३० हवं. बहुतेक लॅबनी ३० ची रेघ उचलली, आणि अर्धं जग रातोरात 'डेफिशियंट' झालं. २०२४ साली त्याच सोसायटीने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका असंही सुचवलं. लॅबच्या कागदावरची ठळक अक्षरं अजून तशीच आहेत.

म्हणजे शेजारच्या टेबलावरचा तो २८ वाला मुळात ठीकच आहे. त्याला 'लो' म्हणणारा रिपोर्ट कागदाला भार.

आता उन्हात राहूनही कमी येण्याबद्दल. २००७ साली होनोलुलूचा अभ्यास आला, बिंकली आणि सहकाऱ्यांचा. ९३ तरुण माणसं, आठवड्याला सरासरी जवळपास २९ तास उन्हात. त्यांतल्या ५१ टक्क्यांची पातळी ३० च्या खाली! सर्वांत जास्त होती ती ६२. हवाई बेटावर, उघड्या अंगाने हिंडणाऱ्यांची ही गत. माझ्या मते यातून माणसं आजारी ठरत नाहीत, ३० ची रेघ आजारी ठरते.

अस्थिपंजर

आजोबा, रेघेबद्दल सहमत. पण १३ ला ते लागू होत नाही. इन्स्टिट्यूटच्या त्याच २०११ च्या अहवालात १२ च्या खाली हाडांना धोका, १२ ते २० मध्ये काहींना अपुरं असं म्हटलंय. धागाकर्ते त्या पट्ट्याच्या तळाशी आहेत. कुठल्याही पंथाच्या हिशेबाने हे कमीच.

आणि होनोलुलूच्या अभ्यासातून मी जरा वेगळं घेतो. सारख्याच उन्हात एक जण ६२ वर आणि दुसरा फार खाली, म्हणजे ऊन ही गोष्टीची सुरुवात झाली, त्यानंतर शरीरात बरंच काही घडतं.

लॅबमधला_उंदीर

बरीच वर्षं याच तपासण्या करतोय, म्हणून कागदाच्या बाजूने बोलतो.

पहिली गोष्ट, एकक बघा. काही ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला २.५ ने गुणलं की दुसरा आकडा. २० नॅनोग्रॅम म्हणजे ५० नॅनोमोल. परदेशातला लेख वाचून 'माझं ५० असूनही कमी म्हणतात' म्हणून भांडायला आलेले लोक पाहिलेत. आणि '५० आहे, मस्त आहे' म्हणून निश्चिंत झालेलेही.

दुसरी, तपासणी कुठली झाली. साठा दाखवते ती २५-हायड्रॉक्सी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी तपासणी असते, नाव भारदस्त म्हणून कुणी तीच लिहून देतो. ते डीचं कामाचं, म्हणजे सक्रिय रूप, मूत्रपिंडात बनतं. साठा रिकामा व्हायला लागला की कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंडाला जास्त बनवायला लावतं. त्यामुळे साठा तळाला असताना हा आकडा नॉर्मल किंवा चढाही दिसतो. कमतरता शोधायला तो उपयोगाचा नाही.

तिसरी, पद्धत. एलसी-एमएस म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री सगळ्यांत भरवशाची. बहुतेक ठिकाणी यंत्रावरची इम्युनोअॅसे असते. ती चांगलीच असते, पण दोन कंपन्यांच्या किटमध्ये एकाच रक्ताचे आकडे थोडे वेगळे येतात. काही किट डी२, म्हणजे डीचा दुसरा प्रकार, पूर्ण पकडत नाहीत. डी२ च्या गोळ्या घेणाऱ्याला मग वाटतं, औषध लागूच पडत नाही.

आणि बायोटिन! केसांसाठी, नखांसाठी मोठ्या मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या व्यायाम करणारी मंडळी सर्रास घेतात. ज्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाविडिनची जोडी वापरलेली असते तिथे रक्तातलं जादा बायोटिन घोळ घालतं. डीच्या बाबतीत आकडा खोटा चढा येतो. म्हणजे धागाकर्त्याच्या उलट केस. खरा १३ असलेला माणूस ३० दाखवून घरी जातो. रक्त देण्यापूर्वी सांगत जा काय काय घेता ते. आम्ही विचारत नाही ही आमची चूक, पण तुम्ही सांगा.

भटकंतीदादा, रक्त द्यायच्या आसपास ताप, इन्फेक्शन, मोठी शर्यत असं काही?

भटकंती_चालू

बायोटिन नाही, पण ताप होता! आदल्या आठवड्यात फ्लूसारखं झालेलं, नीट बरा झालो नव्हतो. त्याचा काय संबंध?

अस्थिपंजर

उंदीरराव, प्रश्न नेमका.

डी रक्तात एकटं फिरत नाही, बहुतेक सगळं एका वाहक प्रथिनाला, डी-बाइंडिंग प्रोटीनला, चिकटून असतं. शरीरात दाह पेटला की हे गणित बदलतं आणि २५-हायड्रॉक्सीचा आकडा खाली येतो. गुडघाबदल शस्त्रक्रियेच्या रुग्णांत हे मोजून पाहिलंय: ऑपरेशननंतर काही दिवसांतच पातळी घसरते, त्यांनी डी कुठे खर्च केलेलं नसताना. म्हणून आजारात घेतलेलं रक्त जरा जपून वाचावं. १३ चा खरा आकडा थोडा वर असू शकेल. पण पहाटेचं धावणं आणि पूर्ण कपडे बघता ३५ निघेल असं वाटत नाही.

याच वाहक प्रथिनाची दुसरी गंमत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी ते वाढतं, त्याबरोबर डीचा आकडाही वाढतो. गोळ्या थांबवल्या की आकडा उतरतो. बाईने दिनक्रमात काहीच बदललेलं नसतं, आणि रिपोर्ट सांगतो की डी घसरलं.

धाकटी_पाती

हे मला आज कळतंय! नंतर सविस्तर विचारते, आधी माझं सांगते.

मी जिममध्ये ट्रेनर. सकाळी उजाडायच्या आत आत, रात्री बाहेर. डी कमी आलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही, मलाही नाही. गोळ्या घेतल्या, परत तपासलं, जवळपास तिथेच. मोठा डोस झाला, तरी ढिम्म. त्यात हिमोग्लोबिनही सारखं कमी, पोट फुगायचं, ते मी प्रोटीन पावडरच्या नावावर टाकत होते. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी लोह आणि डी दोन्ही एकत्र का वर येत नाहीत असं विचारलं आणि सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करायला लावली. निघालं तेच. ग्लुटेन बंद केल्यावर काही महिन्यांनी त्याच गोळ्या लागू पडल्या.

जुलाब नाहीत, वजन घटलेलं नाही, दिवसभर वजनं उचलतेय, म्हणून माझ्या आतड्यावर कुणी संशयच घेतला नव्हता.

अस्थिपंजर

पाती, तुझा अनुभव या धाग्याच्या मुळाशी जातो. ऊन कमी म्हणून डी कमी, हे इतकं सोपं उत्तर आहे की पुढचं शोधणं तिथेच थांबतं. माझा स्वतःचा नियम: योग्य मात्रा, नियमित, पुरेसे आठवडे देऊनही आकडा हलला नाही तर उन्हाचा विचार सोडायचा आणि आत बघायचं.

आत म्हणजे पहिलं आतडं. डी मेदाबरोबर शोषलं जातं, त्यामुळे मेद शोषण बिघडवणारं काहीही डी बिघडवतं: सीलिअॅक, क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा आजार), स्वादुपिंडाची दुर्बलता, वजन कमी करण्याच्या बायपास शस्त्रक्रिया. वजन कमी करायला ऑरलिस्टॅट हे औषध घेणारेही यातच आले. आणि तब्येतीने ठणठणीत पण जेवणातून मेद जवळजवळ हद्दपार केलेले लोक, तेही थोडेफार. गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर गिळण्यापेक्षा दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत घेतली तर शोषण सुधारतं, हे पाहिलं गेलंय. फुकटातला उपाय आहे.

मग औषधं. फिट्सवरची जुनी औषधं, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल, कार्बामाझेपिन, आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन यकृतातली विकरं चेतवतात आणि डी लवकर मोडीत निघतं. लांब चालणारे स्टिरॉइड आहेतच. यकृत आणि मूत्रपिंडाचे आजारही, पण सगळे बाकी रिपोर्ट नॉर्मल असलेल्या माणसात ते एकट्या डीवरून शोधायला जाऊ नये. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या नेफ्रॉटिक आजारात मात्र ते वाहक प्रथिनच वाहून जातं, डीसकट.

एक गोष्ट चुकवू नये: डीबरोबर कॅल्शियम बघा. डी कमी आणि कॅल्शियम वरच्या रेघेच्या वर, हे साध्या कमतरतेत बसत नाही. पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ किंवा सारकॉइडसारखा आजार असू शकतो. सारकॉइडमध्ये गाठींमधल्या पेशी साठ्यातलं डी स्वतःच सक्रिय रूपात बदलत सुटतात, साठा रिकामा दिसतो आणि डोळे मिटून डी दिलं तर कॅल्शियम आणखी चढतं.

सायकलवेडा

आणि वजन? आमच्यात एक जण भरपूर सायकल चालवतो, फिटनेस तगडा, पण अंगाने चांगला भरलेला. त्याचंही कमी येतं.

निळावंती

त्यावर २००० साली वॉर्ट्समन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे. लठ्ठ आणि सडपातळ दोघांना सारखेच किरण दिले. त्वचेतला कच्चा माल दोघांकडे सारखा, पण लठ्ठ गटात रक्तातल्या डी३ ची वाढ ५७ टक्क्यांनी कमी. डी मेदात जाऊन बसतं, आणि शरीराचा आकारही मोठा, त्यामुळे तेवढंच डी जास्त जागेत पसरतं. फिटनेस चांगला असला तरी हे टळत नाही. त्याला तेवढ्याच गोळीने कमी फरक पडेल, हे त्याच्या डॉक्टरांनी लक्षात घ्यायला हवं.

जनुकांचाही वाटा असतो. २०१० च्या 'लॅन्सेट'मध्ये तीस हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास आला होता. त्यात कच्चा माल वळवणारं विकर, यकृतातलं विकर आणि ते वाहक प्रथिन, या तिघांच्या जनुकांतले फरक कमी पातळीशी जोडलेले सापडले. आईवडील निवडता येत नाहीत, पुढे चला.

शंकासुर

जास्त व्यायामाने डी 'खर्च' होतं का? खेळाडूंचं कमी असतं असं कुठेतरी वाचलंय.

अस्थिपंजर

खेळाडूंचं कमी असतं हे खरं, पण खर्च होतं म्हणून नव्हे. २०१५ साली २३ अभ्यास एकत्र करून २,३०० हून जास्त खेळाडूंचा आढावा घेतला गेला, त्यात ५६ टक्के अपुरे निघाले. त्यांची रेघ ३२ ची होती, म्हणजे आजोबा लगेच हरकत घेणार. पण आतला तपशील बोलका आहे: बंदिस्त खेळ आणि हिवाळा, या दोन ठिकाणी धोका जास्त. सरावाचा ताण नव्हे, सरावाची जागा आणि वेळ. एकूण समाजात बघितलं तर हालचाल करणाऱ्यांचं डी बसून राहणाऱ्यांपेक्षा बरंच असतं.

खेळाडूने काळजी का करावी, ते मात्र सांगतो. अमेरिकन नौदलातल्या महिला रिक्रूटना कॅल्शियम आणि रोज ८०० युनिट डी दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली, २००८ चा अभ्यास. भटकंती, नडगीत किंवा पावलात एकाच बिंदूवर दुखत असेल आणि धावताना वाढत असेल तर 'स्नायू धरलाय' म्हणून ढकलू नका, दाखवा.

खडूस_आजोबा

हरकत घेतोच. त्या अभ्यासात कॅल्शियमही होतं, श्रेय एकट्या डीला कसं? आणि व्हायटल चाचणी विसरलात. जवळपास २६ हजार लोक, रोज २,००० युनिट, पाच वर्षांच्या आसपास. कॅन्सर कमी झाला नाही, हृदयविकार कमी झाला नाही, २०२२ मध्ये कळलं की फ्रॅक्चरसुद्धा नाहीत.

अस्थिपंजर

कॅल्शियमचं मान्य. पण व्हायटलमधले बहुतेक लोक मुळात कमतरतेचे नव्हतेच. ज्याची टाकी भरलेली त्यात ओतून काय फरक दिसणार? १३ वाल्याला भरू नका असं ती चाचणी म्हणत नाही. ज्याला गरज नाही त्याने उगाच घेऊ नये, एवढं जरूर म्हणते. आणि भरायचं तेही सांभाळून: वृद्ध बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं तेव्हा पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढली, २०१० साली प्रसिद्ध झालंय.

खडूस_आजोबा

हे बोललात, आता गप्प बसतो.

सायकलवेडा

आजोबा गप्प! धाग्याची वाचनखूण साठवली.

अवांतर: मी डीची बाटली गेली कित्येक महिने घेतोय, अमुक युनिट लिहिलेलं आहे. तेवढं खरंच असतं का आत?

लॅबमधला_उंदीर

नेहमी नाही. अमेरिकेत २०१३ साली दुकानातल्या गोळ्या तपासल्या होत्या. लेबलवर लिहिलेल्याच्या ९ टक्क्यांपासून १४६ टक्क्यांपर्यंत काहीही निघालं. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्यांत हा प्रकार जास्त. औषध म्हणून नोंदणी झालेलं उत्पादन किंवा स्वतंत्र तपासणीचा शिक्का असलेलं बरं. गोळी घेऊनही डी न वाढण्याच्या कारणांत 'गोळीत डीच नव्हतं' हेही आहे, आणि ते रुग्णाच्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

भटकंती_चालू

सगळ्यांचे आभार. पहाटेची वेळ नोकरीमुळे बदलता येणार नाही, तेव्हा सुट्टीची सायकल थोडी उशिरा आणि अर्ध्या बाह्यांत. कॅल्शियम रिपोर्टमध्ये आहे, मधोमध आहे. पॅराथायरॉइड संप्रेरक केलेलं नाही. परत तपासायचं कधी? मित्र म्हणतो पंधरा दिवसांत बघ, उत्सुकता आहे त्याला.

लॅबमधला_उंदीर

त्याची उत्सुकता राहू दे. २५-हायड्रॉक्सीचं अर्धायुष्य दोनतीन आठवड्यांचं असतं, म्हणजे नवी पातळी स्थिरावायला तीन महिने धरा. त्याआधीचा आकडा वाटेतला असतो, तो बघून डोस बदलायला गेलात तर घोटाळा. रक्त त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, ताप-सर्दी नसताना. पॅराथायरॉइडबद्दल तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. ते करायचंच ठरलं तर दोन्ही एकाच वेळी काढलेल्या रक्तातून करा. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या दोन तपासण्यांची सांगड घालत बसण्यात काही अर्थ नसतो.

धाकटी_पाती

आणि तोवर डी चढलं नाही तर सीलिअॅकचं विचारून घ्या, पोट ठीक असलं तरी. फक्त ती तपासणी होईपर्यंत ग्लुटेन आपल्या मनाने बंद करू नका, नाहीतर असूनही निगेटिव्ह येऊ शकते.